बर्फ सुटेपर्यंत

आधी हेल्मीबाईंचं नाव घेते, मग संजूचं. माझा धाकटा भाऊ संजू कामासाठी फिनलंडमधल्या कुओपिओ गावात राहायचा, त्याची घरमालकीण म्हणजे हेल्मीबाई. त्या नसत्या तर मी काय केलं असतं, ते मला अजून सुचत नाही.

मार्चमध्ये त्याच्या ऑफिसातून आमच्या अमेरिकेतल्या, ट्रॉयच्या घरी फोन आला. मी सातवीत शाळा सोडलेली, माझं इंग्रजी कामापुरतं. पण तो माणूस इतकं हळू, इतकं जपून बोलत होता, की त्यावरूनच मला कळलं... संजूचं हृदय बंद पडलं होतं. ह्यांना सुटी मिळेना, म्हणून विमानात मी एकटीच. पासपोर्ट पर्समध्ये आहे ना, हे सारखं चाचपून बघत तिथवर पोचले.

संजू म्हणजे पक्का फेकाड्या. रविवारी त्याचा फोन ठरलेला.

"ताई, मी तळ्यावरून चालत ऑफिसला जातो."

"हो का? मग येताना समुद्रावरून येत असशील!"

"अगं खरंच! आज तर एक गाडी गेली तळ्यावरून."

"आईला सांग जा. ती ठेवेल विश्वास."

मग हसत सुटायचा. मीही हसायचे आणि फोन ठेवून पोळ्यांकडे वळायचे.

तिथं त्याचं सगळं झालं आणि अस्थी माझ्या हातात आल्या. सांगलीहून आईनं एकच सांगितलं होतं, "तिथल्याच पाण्यात सोड. लेकराला अडकवून ठेवू नकोस." सकाळी हेल्मीबाई मला घरामागच्या तळ्याकडे घेऊन गेल्या. मी तीळ, कोरं फडकं, सगळं नेलं होतं. पण पाणीच नव्हतं. नजर पोचेल तिथवर पांढरंशुभ्र, आणि त्यावरून माणसं कुत्री घेऊन खुशाल चाललेली. खरं बोलत होता माझा भाऊ... मी तिथंच बर्फात बसले आणि मोठ्यानं रडले.

लांब एका ठिकाणी बर्फ कापून माणसं आंघोळीला उतरत होती. हेल्मीबाईंनी तिकडे बोट दाखवलं. पण लोकांच्या आंघोळीच्या पाण्यात अस्थी कशा सोडायच्या? आईला फोन लावला. "एवढ्या मोठ्या तळ्यात ओंजळभर पाणी नाही?" ती म्हणाली.

हेल्मीबाईंचं इंग्रजीही माझ्याइतकंच. "मे. आइस गो. बोट," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. माझं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी. अस्थी आपण घरात ठेवत नाही, झाडाला बांधतो. ट्रॉयच्या अपार्टमेंटमध्ये माझं झाड कुठलं? पण सख्ख्या भावाला परक्या बाईकडे ठेवून जायचं? गाठोडं माझ्या हातून सुटेना. शेवटी खुणा करत म्हटलं, "नो हाउस." का, ते त्यांनी विचारलं नाही. होडीच्या शेडमध्ये गेल्या, खुंटीवरचं मासेमारीचं जाळं उतरवलं आणि ती खुंटी आपल्या स्कार्फनं पुसली. मग बाजूला झाल्या. ते पुसणं बघितलं आणि मी संजूला तिथं बांधलं.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. रीतसर परवानगी त्यांनीच काढली होती. "नाउ बोट," म्हणाल्या. पुढं शब्द नाही, नुसता वल्ह्यांचा आवाज. मग वल्ही थांबली. "संजू गो," त्या हळूच म्हणाल्या. मी इथं स्वयंपाकघरात उभी. एका हातात फोन, त्यामुळे धड हातही जोडता आले नाहीत.

त्याचे बूट मी आणलेत, तळाला बर्फात रुतणारे खिळे असलेले. ह्यांना ते मोठे होतात. दाराशीच असतात, रविवारी फोन वाजला की माझी नजर आधी तिकडे जाते.

हेल्मीबाई, पाणी मोकळं असेल अशा दिवसांत मी येईन. मला पोहता येत नाही, होडीची भीतीही वाटते. पण त्या दिवशी तुम्ही बसून राहायचं. तुम्हाला न्यायचं, आणायचं, दोन्ही वल्ही मी मारीन.