सुनेची हजेरी

थावरा चव्हाणांशी मी भांडले ते जानेवारीत, त्यांच्याच अंगणात, आणि चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी तावातावानं बोलले तर कुणी मला भलतं शहाणं समजायला नको.

मी संध्या पाईकराव, राहणार कनेरगाव नाका. ज्यांची शाळा मधेच सुटली त्यांच्यासाठी सरकारची ऑनलाइन शाळा आहे, तिची मी सात गावांची मदतनीस. स्कूटी माझी, पेट्रोल शाळेचं, डोकेदुखी पुन्हा माझी. ही शाळा एका टॅबमध्ये घरी येते. फी नाही, गणवेश नाही. दुपारी दोन ते पाच शिक्षक नांदेडहून शिकवतात, राहिलेला धडा नंतर पुन्हा ऐकता येतो. हजेरी टॅब स्वतःच घेतो, दर तासाला तीनदा समोरचा चेहरा बघून. शिवाय घरातलं एक मोठं माणूस 'घरचा साथी' म्हणून नोंदवावं लागतं. लेकरू अभ्यासाला बसतंय का ते त्यानं बघायचं, आठवड्यातून एकदा शिक्षकांशी बोलायचं. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली तरच दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरता येतो.

थावरा माझ्या दारात आले ते जूनमध्ये. साठी उलटलेली, डोक्याला लाल पागोटं, पायात टायरच्या चपला. पेमा नाईक तांड्यावर त्यांचं तीन एकर सोयाबीन आहे. त्याआधी तीस वर्षं त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. वाशिम रोडचा एक तुकडा ते अजूनही 'माझा रोड' म्हणतात, आणि त्यावर खड्डा पडला की त्यांना खरंच वाईट वाटतं.

"नातवाचं नाव घालायचंय का?" मी विचारलं.

"नातू कुठला. सुनेचं घालायचंय."

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. सुनेला शाळेतून काढणारे सासरे मी ढिगानं पाहिलेत. घालायला आलेला हा पहिलाच. मी म्हटलं, "काका, सुनेला शिकवावं हे तुमच्या मनात कसं आलं?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची बायको जमनाबाई आजारी होती, तेव्हा दवाखान्याचे कागद आणि गोळ्यांची पाकिटं निलम तिला वाचून दाखवायची. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, कशानं तोंड कोरडं पडतं, सगळं. थावरा भिंतीच्या पलीकडं बसून ऐकायचे. "आमच्या घरात एवढं शिकलेलं माणूस हाय हे मला तवा कळलं," ते म्हणाले. "जमना म्हणायची, ही पोरगी नर्स व्हायच्या लायकीची. जमनाला जाऊन वरीस झालं. म्या म्हणलं, आता मीच बघतो."

निलम एकवीस वर्षांची. नववीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जावं लागलं, तिथंच शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती या घरी आली. नवरा जगन चाकणकडं जेसीबी चालवतो. म्हणजे घरात दोघंच, सासरा आणि सून. आणि तांड्याची रीत अशी की सून सासऱ्यासमोर हनुवटीपर्यंत पदर ओढते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. जमनाबाई होती तोवर निरोप तिच्यामार्फत चालायचे. ती गेल्यावर ते काम शेळीकडं आलं.

खोटं नाही सांगत. थावरा दावणीजवळ उभे राहून शेळीला म्हणायचे, "आज मला जवळा बाजारला जायचंय, भाकर लवकर पाह्यजे." आतून निलम म्हणायची, "डबा बांधून ठेवलाय म्हणावं." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फसकन हसले. थावरा गंभीरपणे म्हणाले, "हसू नका ताई. शेळी बराबर निरोप देते. आपल्या मनाचं काही घालत न्हाई."

थावरांचं नाव घरचा साथी म्हणून लागलं आणि अशी शाळा सुरू झाली. सहा महिने मला वाटत होतं, सगळं झकास चाललंय. घरी गेलं की निलमच्या वह्या भरलेल्या दिसायच्या. मग जानेवारीत हजेरीचा कागद आला. निलम चव्हाण, अडतीस टक्के.

माझं डोकंच फिरलं. अर्ज भरायला तीन आठवडे उरलेले. आणि हे वर्ष गेलं तर गेलंच, कारण उन्हाळ्यात जगन तिला चाकणला नेणार होता. तिथं एका खोलीत तिघं-चौघं राहणार, शाळा कसली अन् काय. मी भर दुपारी तांड्यावर पोचले. निलम आत पिठाच्या डब्याला टॅब टेकवून बसलेली, पदर पार हनुवटीखाली. थावरा उंबऱ्यावर, दाराकडं पाठ करून.

"तुम्ही इथं ठाण मांडून बसता म्हणून ती पदर घेते," मी तिथंच तोंड सोडलं. "मशीनला चेहरा दिसत नाही, गैरहजेरी पडते. नाव तुम्हीच घातलं आणि वर्षही तुम्हीच बुडवणार. एवढीच रीत पाळायची होती तर टॅब कशाला नेला?"

ते उठले, बाज उचलली आणि गोठ्याच्या मागं जाऊन बसले. मला वाटलं, जिंकले.

आठवड्यानं पुन्हा कागद बघितला. अडतीसचे सदतीस झालेले.

आता मात्र मी घाबरले. पुन्हा गेले. थावरा गोठ्यामागं उन्हात, घरात दुसरं कुणी नाही, आणि ही बाई टॅबसमोर तशीच, पदर ओढून. मी तिच्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, "काहून गं? आता कोण आहे इथं?"

तिनं टॅबकडं बोट केलं. "सर हायत ना. सर चव्हाण हायत."

माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. देवला चव्हाण सर औंढ्याकडच्या तांड्यावरचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मोठ्या मायेनं सगळ्यांना सांगितलं होतं, मी चव्हाण, मीसुद्धा तांड्याचाच, लाजू नका, काही अडलं तर आपल्या बोलीत विचारा. बाकीची लेकरं खूश झाली. पण निलम चव्हाणांच्या घरची सून. चव्हाण आडनावाचा, सासऱ्याच्या वयाचा माणूस म्हणजे तिचा सासराच, मग तो नांदेडात असो नाही तर काचेच्या आत. इंग्रजी सोडून सगळे विषय तेच शिकवतात. मास्तरांनी जीव लावायला आडनाव सांगितलं आणि पोरीनं मान ठेवायला पदर ओढला. दोघांनी चांगलंच केलं होतं.

"इंग्रजीला बाई असतात," निलम म्हणाली. "तवा मी पदर काढते. माझी इंग्रजीची हजेरी बघा की."

मी कागद उघडला. इंग्रजी, सत्त्याण्णव टक्के. पहिल्या कागदावरही तो आकडा होता आणि मी फक्त खालची बेरीज वाचली होती.

"बापूंनी कवाच आत बघितलं न्हाई," ती खाली मान घालून म्हणाली. "पहिल्या दिवसापासून पाठ करूनच बसत्यात. तुमी त्यांना उगं बोलल्या."

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की काय सांगू. मी गोठ्यामागं गेले आणि म्हटलं, "काका, चुकलं माझं." ते म्हणाले, "तुमी पोरीसाठीच बोलल्या ना. बसा, चहा घ्या."

मी तिथूनच देवला सरांना फोन लावला. ते म्हणाले, "संध्याताई, मी तांड्यात वाढलो आणि एवढं माझ्या ध्यानात येऊ नये?" त्यांना फार लागलं ते. पण त्यांनी वाट सांगितली. हजेरीबद्दल तक्रार असेल तर एक पडताळणी होते. एक पूर्ण तास विद्यार्थिनी, घरचा साथी आणि शिक्षक तिघांनी टॅबवर हजर राहायचं. विद्यार्थिनीचा चेहरा तासभर दिसला आणि तिनं प्रश्नांची उत्तरं दिली, तर तिनं ऐकलेले सगळे धडे हजेरीत धरतात. संधी मात्र एकदाच.

म्हणजे दोन सासरे एकाच वेळी, आणि तोंड उघडं. मी हे निलमला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत बसली. मग उठून दावणीजवळ गेली आणि थावरांना ऐकू जाईल अशा बेतानं शेळीला म्हणाली, "राहू द्या म्हणावं. लई केलं माझ्यासाठी. न्हाई द्यायची मला परीक्षा."

थावरांचा चेहरा पडला. जमनाबाई गेल्याच्या दिवशीही ते सगळ्यांशी बोलत होते म्हणतात, निलमचं हे ऐकून मात्र त्यांच्या हातातला चहा तसाच निवला. मला भडभडून आलं. रीतीला शिव्या घालाव्यात असं मनात येत होतं, पण कुणाच्या तोंडावर घालणार? तिला कुणी बळजबरी केली नव्हती. त्या पदराआड तिची सगळी माया होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "मशीनला कोणाचं तोंड पाह्यजे?"

"निलमचं."

"मी अन् सर, आमी काय करायचं?"

मी नियम दोनदा वाचला. "हजर राहायचं."

"बघायचं असं लिवलंय का?"

मी तिसऱ्यांदा वाचला. "नाही."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि गार चहा एका दमात पिऊन टाकला.

जाताजाता त्यांनी शेळीला सांगितलं, "फकस्त एकदा बसून बघ म्हणावं," आणि शनिवारी तीन वाजता पडताळणी ठरली. टॅब मी हातात धरला. निलम चटईवर पदर ओढून बसली. थावरा आले आणि त्याच चटईवर हातभर अंतर सोडून बसले. तांड्यात असं कुणी बसत नाही. पडद्यावर देवला सर आले, राम राम झाला. थावरांनी पागोट्याचा एक पदर सोडला, डोळ्यांवरून घेतला आणि मागं गच्च गाठ मारली.

"सर, ह्या घरचा थोरला मी. म्या डोळे बांधलेत. तुमी बी बांधा."

देवला सरांनी काहीही विचारलं नाही. चष्मा काढला, रुमालाची घडी केली, डोळ्यांवर बांधली. टॅबमध्ये आता दोन आंधळे चव्हाण आणि एक पदर दिसत होता.

"आता कोणाची नजर न्हाई," थावरा भिंतीकडं तोंड करून म्हणाले.

निलम हलली नाही. मग तिची बोटं वर आली आणि तिनं पदर मागं टाकला. टॅबनं तिच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट काढली.

सरांनी हृदयावर विचारलं. ती आधी पुटपुटली, मग आवाज लागला. कप्पे किती, अशुद्ध रक्त कुठून येतं, कुठं जातं, सगळं धडाधड सांगितलं. "आणि ते उलटं का फिरत नाही?" सरांनी विचारलं. तिथं ती अडली. ओठ चावले, माझ्याकडं बघितलं. मला काय डोंबल येतंय.

"झडपा असत्यात," डोळे बांधलेले थावरा म्हणाले. "मागं जाऊ देत न्हाईत."

"भाऊ, तुमची परीक्षा नाही," सर म्हणाले, आणि रुमालाखाली त्यांचं तोंड हसत होतं. सहा महिने उंबऱ्यावर पाठ करून बसून म्हातारा अख्खी दहावी ऐकत होता. सरांनी तो प्रश्न सोडून दुसरे चार विचारले. चारहींची उत्तरं तिनं एकटीनं दिली.

चार वाजले. टॅबवर अक्षरं उमटली, पडताळणी पूर्ण, परीक्षेचा अर्ज खुला. सर डोळे बांधूनच चाचपत होते, "ताई, बंद करायचं बटण कुठं आहे?" मीच इकडून बंद केलं.

थावरा ताठ बसून होते. कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत असावेत. मी तोंड उघडणार, एवढ्यात निलम त्यांच्याकडं वळली. पदर अजून खांद्यावरच होता.

"बापू," ती म्हणाली, "हजेरी लागली. सोडा आता डोळे."

त्यांचा हात गाठीकडं गेला आणि तिथंच थांबला. पागोट्याच्या कडेखालून पाणी गालावर आलं होतं.

"व्हय लेकी," ते म्हणाले. "जरा दम धर. सोडतो."