ठिगळाखालचं भोक

माझ्या थोरल्या भावाच्या दंडातून गोळी आरपार गेली, हे गावानं आम्हाला खूशखबर असल्यासारखं सांगितलं. भातकापणीचे दिवस होते. शेतात शिरणारी रानडुकरं उठवायला खालापूरकडच्या आमच्या गावानं हाकारा घातला होता. गावातल्याच एकाची ठासणीची बंदूक. डुक्कर राहिलं बाजूला आणि गोळी लागली भावाला. आरपार गेली म्हणजे आत काही उरलं नाही, हळद भरा, बरं होईल, असं जो तो म्हणत होता. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण पोरीच्या जातीला विचारतो कोण!

हळद भरली. हात सुजून काळानिळा पडला, पू थांबेना, ताप चढला. शेवटी बैलगाडीत घालून आई आणि मी त्याला कर्जतच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर रोज जखम धुवायचे. त्या औषधाच्या वासानं माझं डोकं उठायचं. एका सकाळी ते म्हणाले, "उद्यापर्यंत उतार पडला नाही, तर हात खांद्यापासून काढावा लागेल."

उजवा हात. नांगर धरायचा तोच. आई दगड होऊन बसली. मला मात्र बसवेना. ओसरीवर येरझाऱ्या, आत डोकावणं, परत बाहेर. भाऊ शेवटी खेकसला, "बस की गं एका जागी! हात माजा जातोय, तुजा नाय."

दुपारी डॉक्टर पुन्हा आले. "गोळी लागली तेव्हा याच्या अंगावर काय होतं?"

आईनं गाठोड्यातून त्याची जाड पैरण काढली. घरी परतताना घालायला म्हणून तिनं ती धुऊन, बाहीला ठिगळ लावून आणली होती. डॉक्टर ठिगळाकडे बघत राहिले, तर तिला वाटलं, शिवण पसंत पडली. "भोक वळखू बी यायचं नाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कात्री घेऊन सरळ ठिगळ उसवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे भोक तुम्ही कापलंत, बाई?"

"कडंचं दोरं तेवढं कापलं. मदी कापड नव्हतंच."

"मग मधला तुकडा गेला कुठं?"

आईचा हात तोंडाशी गेला.

क्लोरोफॉर्म देऊन त्यांनी दंड उघडला. आम्हाला बाहेर काढलं होतं. मी दाराला कान लावायची, भीती वाटून मागं सरायची, पुन्हा कान लावायची. दार उघडलं, तेव्हा डॉक्टरांच्या हातातल्या वाटीत पुवानं माखलेली एक चिंधी होती. गोळीनं ती आत नेली होती आणि तिथंच सोडली होती.

ताप उतरला, सूज ओसरू लागली. डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितली. भावानं दात आवळून आधी अंगठा हलवला, मग सगळी बोटं. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, परत हाकाऱ्याला गेलास तर बग!" आणि त्याचा तोच हात छातीशी धरून तिनं हंबरडा फोडला.

"दुकतंय गं आय," भाऊ ओरडला.

तिनं काही हात सोडला नाही.