स्ट्रेचर नसलेलं विमान

मंगळवारी दुपारी विमान उतरलं. त्यात स्ट्रेचर नव्हतं. माझा नवरा त्या विमानातून हैदराबादला गेला. तिथून तो परत आला नाही.

ते विमान आम्ही भाड्याने मागवलं होतं. बालाघाटातल्या आमच्यासारख्या घराने खासगी जेट मागवावं, हे लिहितानाही मला दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत असल्यासारखं वाटतं. नवरा भरवेलीच्या खाणीत मोजणीचं काम करायचा. मी शाळेत हिंदी शिकवते आणि घरी मराठी वाचते. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, तांदळाच्या धंद्यात आहेत. आमच्यापैकी कुणीही तोवर विमानात बसलेलं नव्हतं. पैशाचं भासऱ्यांनी पाहिलं. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, म्हणून मीही इथे काढत नाही.

नवऱ्याचं यकृत निकामी होत आलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी हैदराबादच्या एका दवाखान्याचं नाव दिलं आणि लवकर न्या म्हणून सांगितलं. इतका लांबचा रस्ता गाडीने त्याला सोसणार नाही, हे आमच्या गावातल्या तरुण डॉक्टरने स्पष्ट केलं. आमच्या जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला, एक सरकारी हवाईपट्टी आहे. तिथे मंत्री उतरतात, निवडणुकीत पुढारी उतरतात. एरवी तिथे गुरं चरतात. तिथून लहान विमान उडू शकतं आणि रोग्यांना नेणारी विमानं भाड्याने मिळतात, ही माहितीही त्या डॉक्टरनेच काढली.

आता आमच्या घराची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आजारी माणसाच्या कानावर आजार घालायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक. पाहायला येणाऱ्याने दारातच म्हणायचं, "आज तं चेहऱ्यावर लई तेज आहे." आम्ही म्हणायचं, "हौ, कालच्यापेक्षा बरं आहे." येणाऱ्याला आमच्या तोंडाकडे पाहून खरं काय ते कळायचं. जाताना तो अंगणात थोडा वेळ उगाच उभा राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून कुणी तरी संत्री घेऊन यायचं. सगळी बोलणी अशीच चालत. लग्न होऊन आले तेव्हा मला हे खोटं बोलणं वाटायचं. पुढे मीही त्यात तरबेज झाले.

विमान ठरवायचा फोन नवऱ्याच्या खाटेजवळच झाला. आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त त्या खिडकीपाशी येते. भासऱ्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. पलीकडे विमान कंपनीची एक मुलगी होती. आवाज गोड, आणि घाईतला.

"सर, पेशेंट की कंडिशन कैसी है?"

"अच्छी है जी. एकदम अच्छी."

"बैठ सकते हैं?"

भासऱ्यांनी खाटेकडे पाहिलं. नवरा डोळे उघडे ठेवून ऐकत होता. त्याच्या पोटात पाणी झालं होतं, बसवलं की त्याला धाप लागायची आणि डोकं फिरायचं. जेवणही मी त्याला कुशीवर वळवून, चमच्याने भरवत होते.

"बैठते हैं ना," भासरे म्हणाले. "बैठ के खाना खाते हैं."

"ओके सर, तो हम नॉर्मल सीटिंग वाला भेज देते हैं. साथ में कितने लोग?"

"जितने बैठे उतने," भासरे म्हणाले, आणि दाराशी उभ्या सासूबाई गालातल्या गालात हसल्या, कारण लेकाच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी जरासं हसू आलं होतं.

मी तिथेच उभी होते. 'नॉर्मल सीटिंग' हे शब्द मीही ऐकले. पण आम्हाला कुणालाच त्यातून विमान कसं येणार ते दिसलं नाही. भासऱ्यांनी नंतर मला सांगितलं ते असं: ते बोलणं भावासाठी होतं, त्या मुलीला खरं काय ते समजलंच असेल असं त्यांनी धरलं होतं. दवाखान्यात जायचं विमान म्हटल्यावर त्यात खाट असणारच. आमच्याकडे 'बरं आहे' म्हटलं की सगळ्यांनाच समजतं. ते समजणं बालाघाटच्या बाहेर जात नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी सकाळी घराला जत्रेचं रूप आलं होतं. नवऱ्याला अँब्युलन्सच्या गाडीत ठेवताना गल्लीतली एक काकू मोठ्याने म्हणाली, "पाहा वो, आमचा मोजणीवाला मंत्र्यावानी चालला हवाई जहाजानं!" सगळे हसले. नवराही हसला. भासऱ्यांचे मित्र मोटरसायकलींवरून हवाईपट्टीपर्यंत मागोमाग आले. सासूबाईंना गुडघेदुखीमुळे न्यायचं नव्हतं. त्यांनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाल्या, "चार रोजात येशील बाबू, धडधाकट होऊन." तो म्हणाला, "हौ माय."

हवाईपट्टीवर एक खोली, एक चौकीदार, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एका खांबावर वाऱ्याने फुगलेली कापडी नळी. विमान येणार म्हणून प्रशासनाकडून आगीचा बंब येऊन उभा होता. चौकीदार काठी घेऊन गाईंना पट्टीपलीकडे हाकलून आला. मग ढगातून एक पांढरा ठिपका खाली आला, मोठा झाला, आवाज करत आमच्या समोरून धावत गेला आणि टोकाला वळून परत आला. कुणी टाळ्या वाजवल्या. मला त्यांचा राग आला नाही.

दार उघडलं, लहानशी शिडी बाहेर आली. आमच्यासोबत आलेला तो तरुण डॉक्टर वर चढला आणि लगेच खाली उतरला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"यात बेड नाही, मॅडम. नुसत्या सीटा आहेत."

मी शिडीच्या तळाशी उभी राहून आत डोकावले. गुळगुळीत चामड्याच्या खुर्च्या, समोरासमोर. मध्ये छोटं टेबल. टेबलावर टिश्यू पेपरचा डबा आणि मिठाईचे पुडे. फार नीटनेटकं होतं सगळं. आमच्या गाडीतलं स्ट्रेचर त्या दारातून आत वळणारच नव्हतं.

पायलट चाळिशीचा असेल. शांत माणूस. त्याने डॉक्टरकडून कागद घेतले, वाचले आणि मग गाडीत वाकून नवऱ्याकडे पाहिलं. बाहेर येऊन तो भासऱ्यांना म्हणाला, "सर, हमें तो बताया गया था पेशेंट बैठ सकते हैं."

भासऱ्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"टेकऑफ और लैंडिंग में सीट सीधी रखनी पड़ती है. बेल्ट लगती है. ये बैठ पाएँगे?"

गाडीचं दार उघडं होतं. नवरा ऐकत होता. भासऱ्यांच्या मागे त्यांचे मित्र उभे होते. पायलटने मनगटावरच्या घड्याळाकडे न पाहता पश्चिमेकडे पाहिलं. पट्टीवर दिवे नव्हते. सूर्य मावळण्याआधी निघावं लागणार होतं.

"देखिए," तो म्हणाला, "स्ट्रेचर वाला जहाज़ कल आ सकता है, शायद परसों. मैं ज़बरदस्ती नहीं कर रहा. बस सच बता दीजिए."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला की उद्यापर्यंत थांबणं त्याला पसंत नाही, पण निर्णय घरच्यांचा. मी भासऱ्यांकडे पाहिलं. साठीचा माणूस, बाजारात ज्याच्या शब्दावर तांदळाच्या गाड्या सुटतात, तो ओठ हलवत होता आणि आवाज निघत नव्हता. त्यांना 'नाही' म्हणायचं होतं. भावाच्या समोर 'नाही बसत' हे शब्द त्यांना उच्चारता येत नव्हते. त्यांनी कसंबसं म्हटलं, "बैठते हैं… मतलब… अच्छा है उनका…"

तेव्हा गाडीतून आवाज आला. "दादा."

भासरे वळले.

"नाही बसता येत मले," नवरा म्हणाला. "त्याईले खरं सांग ना. लोकं काहून खोळंबून ठेवतं?"

"तू उगा बोलू नोको बाबू, तुले—"

"मले मालूम आहे." तो धापा टाकत होता, तरी स्पष्ट बोलत होता. "घरी सगळे बरं आहे, बरं आहे म्हणता, मी बी हौ म्हणतो. मायच्या मनासाठी म्हणतो. पोट कोणाचं आहे? मले कयत नाही का?" मग त्याने पायलटकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "सर, मैं बैठ नहीं सकता. पर आज बैठूँगा. उड़ने तक और उतरने तक. बीच में लिटा देना."

पायलटने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने विचार केला, ऑक्सिजनचं सिलेंडर पाहिलं, मग मान हलवली. खुर्ची पूर्ण मागे जाते का, हे त्याने आत जाऊन पाहिलं आणि रोग्याला असं नेता येईल असं लिहून सही दिली.

चौकीदाराने खोलीतली एक प्लास्टिकची खुर्ची आणली. तिच्यात नवऱ्याला बसवून भासऱ्यांच्या मित्रांनी शिडीपर्यंत उचललं. शिडीवर खुर्ची जाईना. तिथून पुढे भासऱ्यांनी त्याला दोन्ही हातांवर घेतलं. लहानपणी उचलत असतील तसं. तो फार हलका झाला होता. भासरे आत वाकून शिरताना त्यांची टोपी खाली पडली, ती मी उचलून आत त्यांच्या हातात दिली.

स्ट्रेचर नसल्यामुळे जागा भरपूर होती. मी, डॉक्टर आणि भासरे, आम्ही तिघंही गेलो. भासरे नवऱ्याच्या समोर बसले. मी शेजारी बसून त्याचं डोकं खांद्यावर धरलं. विमान पळायला लागलं तसे भासऱ्यांनी डोळे गच्च मिटले आणि हातातली टोपी चुरगळली.

"दादा," नवरा म्हणाला, "डोये उघड. पेशंट मी आहो."

डॉक्टर हसला, मी हसले. भासऱ्यांनी डोळे उघडले, तर ते भरलेले होते. खाली वैनगंगा दिसली, वाळूच्या मधून जाणारी. मग ढग आले. नवऱ्याला घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते, पण पट्टा सोडायची खूण होईपर्यंत तो बसून राहिला. मग डॉक्टरने खुर्ची मागे केली, मी त्याच्या पाठीखाली शाल घातली आणि तो कुशीवर झाला.

थोडा दम परत आल्यावर तो भावाला म्हणाला, "तिथं गेल्यावर डॉक्टर जे सांगीन, ते माझ्या समोर ऐकजो. बाहेर जाऊन कुजबुजू नोको."

"हौ," भासरे म्हणाले.

"अन् मायले फोनवर खरं सांगजो. बरं आहे म्हटलं तं ती घरीच वाट पाहात बसन. तिले इकडं आन. मले पाहू दे तिले."

भासऱ्यांनी चुरगळलेली टोपी मांडीवर सरळ केली. मग म्हणाले, "सांगतो."

हैदराबादला डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, उशीर झाला आहे. त्यांनी हे नवऱ्याच्या समोर सांगितलं, कारण भासऱ्यांनी त्यांना खोलीतच थांबवलं. नवऱ्याने दोन-तीन प्रश्न विचारले, मोजणीच्या कामातले विचारावेत तसे, नेमके. नंतर म्हणाला, "बरं झालं, कयलं तरी."

त्या संध्याकाळी भासऱ्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यातून घरी फोन लावला. मी जवळ होते. त्यांनी सुरुवात "बरा आहे" अशीच केली. सवयच ती. मग थांबले. पलीकडून सासूबाईंचा आवाज येत होता, "हौ, हौ, बरा आहे तं मंग जेवला का?" भासऱ्यांनी भिंतीला हात टेकवला आणि म्हणाले, "नाही माय. बरा नाही आहे. वाचत नाही तो. तू ये."

पलीकडून त्या म्हणाल्या, "मले मालूम होतं. तिकीट काढून दे."

त्या आगगाडीने आल्या, गुडघे धरत, एका भाच्याच्या सोबतीने. लेक अजून शुद्धीवर असतानाच पोचल्या. त्या त्याच्या उशाशी बसून राहिल्या आणि चेहऱ्यावर तेज आहे असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्याने त्यांना विचारलं, "लई दुखलं का गाडीत?" त्या म्हणाल्या, "दुखलं." मग दोघं लहानपणाच्या कुणाकुणाबद्दल बोलत बसले, जे लोक मला माहीत नव्हते. मी खिडकीशी पुस्तक उघडून बसले होते, पण वाचत नव्हते. त्याच्याशी माझंही बोलणं झालं. ते माझ्यापाशी आहे.

काही दिवसांनी तो गेला. परतीच्या प्रवासात विमान नव्हतं. आम्ही रात्रभर गाडीत होतो.

भासरे अजून कधी कधी म्हणतात, "मी सिधं सांगतलं असतं तं खाटवालं विमान आलं असतं. बाबूले तेवढा तरास नसता झाला." मी त्यांना सांगते की त्रास झाला हे खरं आहे. मग आम्ही चहा घेतो.

आता घरात आम्ही तिघं आहोत, सासूबाई, भासरे आणि मी. नवऱ्याची मोटरसायकल भासरे वापरतात.