दुसऱ्याचा मामा

"मंग हा जाड्या कोन हाये? माह्या भावाच्या जागी हा कोन येऊन उभा राह्यला?"

पार्वताबाईंनी टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं होतं आणि त्या ते काढत नव्हत्या. पडद्यावर त्यांचा धाकटा, योगेश, मुंडावळ्या बांधून अंतरपाटाशी उभा होता. त्याच्या पाठीशी मामा म्हणून खुशालराव उभे होते, हे सगळ्या वऱ्हाडानं पाहिलं होतं. पण व्हिडिओत मध्येच चित्राचे चौकोन झाले, आवाज खरखरला आणि हिरव्या सफारीतला एक अनोळखी माणूस मुठीत अक्षता घेऊन हजर झाला. पुन्हा चौकोन, आणि एकदम हार घातलेले नवरा-नवरी. खुशालराव कुठेच नाहीत.

"आई, तो आपल्यानंतर शूट केलेल्या चांदूर बाजारच्या लग्नातला हाये," मोठी सून वर्षाली म्हणाली. "तिथल्या नवरीचा मामा."

"तेच तर इचारून राहिली मी. दुसऱ्याचा मामा आपल्या लग्नात आला कसा? पायानं चालत आला?"

योगेश फिसकन हसला. आईनं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्यानं ते हसू खोकल्यात दडवलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात पार्वताबाईंच्या थोरल्याचा, वर्षालीच्या नवऱ्याचा, शेखरचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत कंप्युटर. शेखर लग्नं शूट करायचा आणि मिक्सिंग, म्हणजे कापून-जोडून व्हिडिओ तयार करायचं काम, वर्षाली करायची. ती चांदूर बाजारच्या भाजीवाल्या घरातली. लग्नाआधी तालुक्यात कंप्युटर शिकली होती. रडणारी नवरी कुठे ठेवायची आणि जांभया देणारा भटजी कुठे कापायचा, हे तिला बरोबर कळे. गिऱ्हाइकं शेखरला सांगत, "वहिनीच्या हातूनच करून द्या." घरात ती मान वर करून वावरायची ती या खुर्चीच्या जोरावर.

आणि नेमकी त्याच खुर्चीवरून योगेशच्या लग्नात ठिणगी पडली होती. खुशालरावांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, चार बायकांत म्हटलं होतं, "या घरची सून बसूनच राहते वं." वर्षालीनंही सोडलं नव्हतं. "बसून राहते म्हणूनच व्हिडिओत तुमी गोऱ्या दिसता, मामी."

आता ते वाक्य तिच्याच अंगावर आलं होतं.

"बायकोचा राग भावावर काढला तू," पार्वताबाई म्हणाल्या. "रविवारी तो परतवाड्याहून येऊन राह्यला हे पाहाले. तो दिसला पाह्यजे. नाई तर पुढचं सगळं मिक्सिंग अमरावतीले जाईन, सांगून ठेवते."

"मी स्वतः पाह्यले होते मामा. कार्डावरून कंप्युटरवर कापी झाल्यावर."

"पाह्यले होते, मंग गेले कुठं?"

वर्षाली मनात एकेक ताडून पाहू लागली. कॅमेऱ्याचं कार्ड शेखरनं चांदूरच्या ऑर्डरसाठी लगेच पुसलं होतं. एवढी घाई कशाला केली? योगेश गेम खेळायला त्याच कंप्युटरवर बसायचा. त्यानं तर काही हलवलं नसेल? आणि सासूबाईंनी आजच एवढ्या बारकाईनं कसं पाहिलं? ती एकेकाचं तोंड न्याहाळत राहिली, आणि तेही तिचं.

शेवटी तिनं नागसेनला फोन लावला. तो तिच्या शाळेतला. आता अमरावतीत घरी बसून एका कंपनीसाठी कंप्युटरमध्ये फायली साठवणाऱ्या डिस्कचेच प्रोग्राम लिहायचा. सगळ्यांनी ऐकावं म्हणून तिनं स्पीकर चालू केला.

"चांदूरचं लग्न लिहिताना डिस्कनं जागा चुकवली असंन," तो म्हणाला. "तुमच्या मामावर नेऊन लिहिलं आन 'झालं' म्हणून सांगून मोकळी. ड्रायव्हरनं तिचा शब्द मानला."

"कोन ड्रायव्हर?" पार्वताबाई पुढे सरकल्या. "त्या परतवाड्याच्या जीपवाल्यानं काय केलं?"

"जीपवाला नाई, काकू. कंप्युटरच्या पोटातला. पन काम तेच. सामानाचा डाग इकडून घ्यायचा, तिकडं उतरवायचा. मोठ्या ठिकाणचा ड्रायव्हर परत्येक डागावर खूण बांधते. आत काय हाये आन कुठं उतरायचा, दोन्ही. डिस्क खूण पाहून मंगच ठेवते. परत काढताना ड्रायव्हर पुन्हा ताडून पाह्यते. जुळलं नाई तर सरळ सांगते, वाचता येत नाई. दुसऱ्याचं काढून तुमच्या हातात देत नाई."

"आन आमचा?" वर्षालीनं विचारलं.

"तुमचा भोळा हाये."

वर्षालीनं चांदूरचं लग्न उघडलं. त्या मामाच्या जागी नुसते करडे चौकोन होते. तिकडचा तुकडा इकडे आला होता, हे तिला पटलं. सासूबाईंना पटल्यासारखं दिसलं नाही, त्या म्हणाल्या, "गुन्हा करून जीपवाल्यावर ढकलनं सोपं हाये."

पण वर्षाली वेगळ्याच हिशेबाला लागली होती. चांदूरचा पेन ड्राइव्ह कधीच पोचता झाला होता. त्यांनी अजून पाहिलं नसेल, की पाहून शेखरला गावभर शिव्या घालत असतील? त्याआधीची लग्नं, बारशी, साखरपुडे? कुणाच्या घरात कुणाचा मामा उभा असेल? इतकी वर्षं कंप्युटर 'झालं' म्हणाला आणि तिनं मान डोलावली. ती जुनी फाईल उघडे, बंद करे, पुन्हा उघडे. शेखर "कार्ड कपाटात हाये" म्हणाला तरी उठून पाहून आली.

संध्याकाळी पार्वताबाईंनी तोडगा काढला. आवाज एकदम मऊ झाला होता. "असं कर. खुशालले उद्याच बोलावतो आपन. तोच फेटा बांधू. योगेश उभा राहीन, मागं तो. शेखर शूटिंग घेईन, तू चिकटवून दे. कोनाले समजते?"

"आयडिया चांगली हाये," शेखर म्हणाला. "वर्षाली, तुले तर डाव्या हातचा खेळ."

तो तिला होताच. उजेड जुळवला असता, मंगलाष्टकांचा आवाज खाली ओढला असता. खुद्द गोदाबाईंना कळलं नसतं. मिक्सिंगही घरात राहिलं असतं. ती सासूबाईंकडे पाहत राहिली. तिनं चिडून मामाला काढलं असं म्हणणारी हीच बाई आता तिला खोटा मामा घाल म्हणत होती. उद्या काही बिनसलं की हाच खोटा मामा तिच्या नावावर लागणार.

तिनं कंप्युटर बंद केला आणि पदराला हात पुसत खुर्चीवरून उठली.

"खोटं काही चिकटवनार नाई. तो सफारीवाला काढून टाकते आन तेवढी जागा काळी ठेवते. रविवारी मामा-मामींना मीच सांगीन, चांदूरवाल्यांनाही मीच फोन करीन. आन आजपासून कॅमेऱ्याचं कार्ड माह्याजवळ राहीन. मी ताडून पाह्यल्याशिवाय ते कोनी पुसायचं नाई. मिक्सिंग अमरावतीले न्यायचं असंन तर न्या."