पार्टिशनपलीकडचा मिस्त्री

अंजनी कामाला लागली तेव्हा ते कॉलेज म्हणजे भाताच्या खाचरांमधली एक लांबलचक पत्र्याची शेड होती. आधी तिथे कोंबड्या पाळत, असं जुने लोक सांगत. बदलापूरहून जांभूळकडे जाणाऱ्या रस्त्याला एका शिक्षण संस्थेनं ती जागा घेतली, शेड धुऊन रंगवली आणि शेतकी कॉलेज सुरू केलं.

अंजनीचा नवरा शहाडच्या कारखान्यात होता. तो काविळीनं गेला आणि उल्हासनगर कॅम्प पाचच्या दोन खोल्यांत ती आणि शाळेत जाणारा राजरत्न एवढेच उरले. ओळखीतल्या कुणीतरी शब्द टाकला, म्हणून तिला माती परीक्षणाच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून घेतलं. शेतकरी आणतील ती माती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीनं फोडायची, चाळायची, काचेची भांडी धुऊन पालथी घालायची. कामाला घाई नव्हती की आरडाओरडा नव्हता. तिला ते मानवलं.

पुढे संस्थेनं इंजिनीअरिंगही काढलं. इमारत कुठे होती? शेडच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं आणि पलीकडे वर्कशॉप बसवलं. पोरांना सुतारकाम शिकवायला महिपती नावाचा मिस्त्री आला. तो जवळच्याच गावचा, शेतकऱ्याघरचा. बायको बाळंतपणात गेलेली, घरी म्हातारी आई.

तो आला आणि अंजनीच्या ट्रेमधल्या वाळत्या मातीवर लाकडाचा भुसा पडायला लागला. दोन दिवस तिनं सोसलं. तिसऱ्या दिवशी ती पलीकडे गेली.

"मिस्त्री, तुमचा भुसा माझ्या मातीत येतो. सर मला बोलतात."

महिपतीनं रंधा बाजूला ठेवला, पार्टिशनच्या वरच्या फटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "येणारच. बघतो."

दुसऱ्या दिवशी त्या फटीला ओली गोणपाटं टांगलेली होती. दुपारी शेडच्या पायरीवर डबा खाताना अंजनीनं त्याच्यापुढे वांग्याची भाजी सरकवली. त्यानं तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडून दिला, वर सुकटीची चटणी. मग रोजच दोघं त्या पायरीवर बसायला लागली. बोलणं फारसं नसे. राजरत्न दहावी झाला, नोकरीला लागला, मनालीशी त्याचं लग्न झालं. सगळं महिपतीला तिथेच कळलं.

दरम्यान कॉलेज वाढत होतं. आधी इंजिनीअरिंगची तीन मजली इमारत उभी राहिली, समोर काचा, आत लिफ्ट. मग ओढ्यापलीकडे वर्कशॉपची वेगळी इमारत झाली. महिपतीचे रंधे, करवती, शिकाऊ पोरांची टेबलं एका टेम्पोत भरून तिकडे गेली. पार्टिशन काढलं आणि लॅबला दुप्पट जागा मिळाली.

अंजनीला पहिले काही दिवस बरंच वाटलं. मातीत भुसा नाही, कानाशी ठोकाठोकी नाही. दुपारी ती लॅबमधल्या बायकांसोबत जेवायला बसू लागली. त्या चांगल्या होत्या, तिला आग्रहानं वाढत. पण डब्यातली अर्धी भाजी रोज घरी परत यायला लागली.

मनालीनं एकदा विचारलं, "आई, भाजी जमत नाही का माझी?"

"नाही गं, छान असते," अंजनी म्हणाली. पुढे काय सांगावं ते तिलाच कळेना.

शेवटी एके दिवशी ती ओढा ओलांडून नव्या इमारतीत गेली. म्हणाली, "लॅबमधला रॅक हलतो. जरा बघाल?"

महिपती अवघडला. "आता तसं येता नाय येत. तुमच्या सरांना ऑनलाइन कम्प्लेंट टाकायला सांगा, मग वरून मला निरोप येतो."

अंजनीला राग आला. ती तशीच परत फिरली. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत महिपती हत्यारांची पिशवी घेऊन लॅबच्या दारात उभा. त्यानं रॅक हलवून पाहिला, खाली वाकून पाय तपासले.

"रॅक तर नीट हाय."

"हो," अंजनी म्हणाली.

महिपतीनं पिशवीतून डबा काढला. दोघं पायरीवर बसली. समोर रस्त्यापलीकडे शेतकी कॉलेजच्या नव्या इमारतीचं खोदकाम चाललं होतं. ती झाली की लॅबही तिकडे जाणार होती.

"अजून एक बिल्डिंग झाली की आपण एकमेकांना दिसणारपण नाय," महिपती म्हणाला. मग भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढे ठेवली. "त्यापेक्षा तुम्ही माझ्या घरीच या."

"मस्करी करू नका, मिस्त्री."

"मस्करी नाय करत."

अंजनीनं कित्येक दिवस ते मनातच ठेवलं. मग एका रविवारी राजरत्नला सांगितलं. त्यानं हातातला मोबाइल बाजूला ठेवला.

"आपल्यातले नाहीत ना ते?"

"नाहीत."

तो चप्पल घालून बाहेर गेला. संध्याकाळी परतला तेव्हा मनालीच म्हणाली, "एकदा जेवायला तर बोलवू या त्यांना. बघायला काय जातं?"

महिपती इस्त्रीचा शर्ट घालून आला. जेवणं झाल्यावर राजरत्ननं विचारलं, "तुमच्या घरी आईची बुद्धवंदना, बाबासाहेबांचा फोटो, हे सगळं चालेल? नंतर कुणी काय बोललं तर? मला आईला टेन्शन नको."

"भिंत माझी हाय," महिपती म्हणाला. "खिळाबी मीच ठोकीन. कुणी बोललं तर मी ऐकून घेईन, तिला नाय ऐकावं लागणार."

राजरत्न त्याला सोडायला रिक्षा स्टँडपर्यंत गेला.

ठाण्याला रजिस्टर लग्न झालं. महिपतीची आई, बनूबाई, आली नाही. अंजनी घरात आल्यावरही तिनं आपली चूल वेगळी ठेवली. सकाळी उठून स्वतःची भाकरी थापायची, ओटीवर बसून एकटी जेवायची. अंजनीनं वाद घातला नाही. ती वेळेवर कामाला जायची, नव्या इमारतीतल्या लॅबमध्ये, आणि आल्यावर म्हातारीचं पाणी भरून ठेवायची.

श्रावण सरता सरता बनूबाई तापानं पडली. महिपती डॉक्टरला आणायला गेला होता. अंजनीनं तांदळाची पेज केली आणि वाटी तिच्या हातात दिली. म्हातारीनं वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सावकाश सगळी पेज प्यायली.

"मीठ कमी हाय गो," ती म्हणाली.

"घालते," म्हणून अंजनी उठली.

ताप उतरल्यावर बनूबाईनं आपला तवा माळ्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून तिची भाकरीही अंजनीच थापू लागली.