नागरिकांना काय वाटते?

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी मी आमच्या वृत्तपत्रातल्या सदरासाठी नागपुरात लोकांची मते गोळा केली. देशाने किती निर्वासित घ्यावेत, असा प्रश्न होता. पाचवे मत तिबेटी स्वेटर बाजारात मिळाले.

दुकानातली बाई तिशीची, गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीत जन्मलेली. ती प्रत्येक स्वेटर उलटा करून आधी शिवण दाखवायची. जाकीट घालून पाहणारे प्रताप नगरचे एक गृहस्थ मला म्हणाले, "एकही नाही. आपल्याच पोराइले जागा नाही इथं." मग ते तिच्याकडे वळले. "तुमच्याबद्दल नाही बोलून राहिलो हो, ताई."

"मंग कोणाबद्दल, भाऊ? दुसरं तं इथं कोणीच नाही."

ते हसले आणि जाकीट घेऊन गेले.

"मले नाही विचारत?" ती मला म्हणाली. मी विचारले.

"आकडा तुम्ही ठरवा. पण जे इथंच जन्मले, त्याइले त्यात नका धरू."

नाव तिने दोनदा सांगितले. मी ते नीट लिहिले का, हे तिने माझ्या वहीत वाकून पाहिले.

संध्याकाळी उपसंपादकाने विचारले, "ही मतदान करते?" मी नाही म्हणालो; जन्म इथला असला तरी कागदोपत्री ती निर्वासितच होती. सदर नागरिकांसाठी होते. त्याने तिचे मत काढले; मी वाद घातला नाही.

सोमवारी पाच मते छापून आली, गृहस्थांचे छायाचित्रासह. बाजाराजवळच्या पेपरवाल्याने नंतर सांगितले, की वसाहतीत पाठवायला तिने आदल्या दिवशीच चार अंक सांगून ठेवले होते. सकाळी येऊन ती ते घेऊन गेली.