हळदीच्या आदल्या दिवशी ओलं डोकं

नातीचं लग्न चार दिवसांवर आलेलं आणि आमचे चुलत सासरे नरडाण्याजवळच्या खेड्यात अंथरुणाला खिळलेले. सगळे त्यांना आबा म्हणतात. भाऊबंदांतलं सगळ्यात मोठं माणूस. त्यांचं काही बरंवाईट झालं तर सुतक, आणि सुतकात लग्न कसलं! फैजपूरचे व्याही सारखे विचारायचे, "आबांची तब्येत कशी आहे हो?" फोन वाजला की घरातले सगळे हातातलं काम टाकून धावायचे. माझं डोकं दुखणार नाही तर काय?

तेच मी नातीसमोर बोलून बसले. तिला पार्लरमध्ये जायचंच होतं. हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी मलाही रिक्षात घातलं. "आजी, हेड स्पा करून घे. छान झोप लागेल." या वयात पार्लरला चालले हे घरात सांगायची लाज वाटली, म्हणून "जरा बाहेर जाऊन येते" एवढंच म्हणाले.

तिथली मुलगी विचारते, "आजी, ड्राय करू की वेट?"

म्हटलं, बाई, समजेल असं बोल. तर ड्राय म्हणजे पाणी नाही, शाम्पू नाही, कोरड्याच केसांतून बोटांनी दाबून द्यायचं. वेट म्हणजे मान मागे टाकून झोपायचं, शाम्पू, वाफ आणि कपाळावरून पाण्याची धार. नात म्हणाली, "वेटच घे, ड्रायमध्ये काय मजा!" शेजारच्या खुर्चीतली अनोळखी बाई म्हणाली, "नका हो, सर्दी होते." माझ्या डोक्याचा निकाल लावायला अख्खं जळगाव बसलेलं! वैतागून म्हटलं, "टाक बाई पाणी." पाण्याशिवाय डोक्याचं काही करायचं, हे माझ्या गळीच उतरेना.

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग तिनं ड्रायर काढला. ती गरम हवा लागली की माझं डोकं परत चढणार. "राहू दे, वाऱ्यावर वाळतील," म्हटलं. नातीचं आणखी तासभर चालणार होतं, मी एकटीच निघाले. खांद्यावर टॉवेल, केस मोकळे, पाणी ठिबकतंय. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली.

दारात लग्नासाठी आलेली धुळ्याची धाकटी जाऊ उभी. तिन्हीसांजेला असं डोक्यावरून पाणी घेऊन, केस मोकळे सोडून आमच्याकडची बाई कधी घरी येते, हे तिला कोणी सांगायला नको.

"वं माय! आबा ग्यात का वं अक्का?"

"अगं नाही गं, मी..."

ऐकेल तर शपथ! तिनं गळाच काढला. मी "स्पा, स्पा" ओरडतेय, पण त्या रडण्यात माझं ऐकतंय कोण? शेजारणी धावल्या, त्यांनीही डोळ्यांना पदर लावले. तेवढ्यात तिच्या मुलानं धुळ्याला फोन केला आणि तिकडचे भाऊबंद गाडी करून नरडाण्याकडे निघालेसुद्धा. बातमी तिथंही पोचली, पाठोपाठ फैजपूरचा फोन. "फार वाईट झालं. मग लग्न पुढं ढकलायचं ना?" फोन माझ्या मुलानं उचललेला.

मी फोन हिसकावला. "अहो, आबा आहेत! मी पार्लरमध्ये गेले होते."

व्याही हळूच म्हणाले, "अक्का, मन घट्ट करा."

म्हणजे मलाच वेड लागलं!

शेवटी मुलानं आबांच्या घरी फोन लावला. भाऊबंद डोक्याला टॉवेल गुंडाळून, तोंडं पाडून तिथं पोचलेले, आणि आबा खाटेवर उशीला टेकून दूध-भाकरी खाताहेत. फोन त्यांनीच मागून घेतला. "मी जित्ता शे. इतला लोके माले भेटाले कधी उनात नही." आवाजावरून कळत होतं, एवढे लोक भेटायला आले म्हणून म्हातारा खूश आहे. वर हुकूम सोडला, "माले लगीनले ली चाला."

आता नेत नाही म्हणायची कोणाची हिंमत?

जाऊ डोळे पुसत मलाच म्हणते, "अक्का, या वयात कशाले वं हाई?"

"तुझ्या गळ्याला विचार," म्हटलं.

फैजपूरला पुन्हा फोन करून सगळं सांगितलं, तरी व्याह्यांचा "हो, हो" काही खरा वाटेना. लग्नाच्या दिवशी आबांना गाडीत आडवं करून आणलं. मुलगा विचारतो, "आई, आबांची खाट स्टेजच्या मागे टाकू?"

"मागे कशाला? मांडवाच्या दारात टाक," म्हटलं. "वऱ्हाड आत शिरताना पहिले तेच दिसले पाहिजेत."